जुन्या पत्त्यावरचा उजवाड

मुळगावच्या खाणीत दरड कोसळून आमचे हे आत राहिले, त्याला चार वर्षे झाली. कुडीसुद्धा मिळाली नाही. त्याच कंपनीच्या ऑफिसात मला घेतले. रोज तुळशीपुढे दिवा लावायचा आणि ऑफिसात येऊन यांच्या कंपनीतल्या ईमेलवर एकच ओळ लिहायची, हे माझे व्रत. "अहो, दिवा लावला."

त्या सोमवारी कंपनीचे सगळे ईमेल नव्या डोमेनवर गेले. हयात नसलेल्यांची जुनी खाती दुपारी बारा वाजता पणजीच्या मुख्य ऑफिसातून आपोआप पुसली जाणार होती.

"सुमंगलाबाय, धाकूभाऊंचं खातं शेवटचं बघून घ्या," कॉम्प्युटर सांभाळणारा सागर म्हणाला. खाते उघडून त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"तुमचे सगळे मेल कोणीतरी वाचलेत. आजचासुद्धा. पासवर्ड कोणाकडे होता?"

"यांच्याकडेच."

खाली एक मेल अर्धवट होता. माझ्या डोळ्यांदेखत त्यात अक्षरे उमटत होती.

"सुमंगला, हें बंद करूं नाका. हांगा उजवाड इतकोच आसा."

यांचीच कोकणी: इथे उजेड काय तो एवढाच.

"सागर, थांबव रे बाबा!"

"बाय, माझ्या हातात नाही."

घड्याळात बारा वाजले.