खीरसांडे घराणं

निवृत्त शिक्षक मधुसूदन खीरसांडे यांना मतदारयाद्या चाळताना आपल्या आडनावाचं दुसरं एकच घर सापडलं, परतवाड्याला. ते एसटीनं थेट तिथे पोचले.

"विष घातलेली खीर सांडून आपल्या पूर्वजानं राजाला वाचवलं," त्यांनी त्या घरच्या म्हाताऱ्या पार्बताबाईंना अभिमानानं सांगितलं.

पार्बताबाई खो खो हसल्या. "कायचं विष, बाप्पा! वाढता वाढता पंगतीतच झोप लागली त्याले. अख्खं पातेलं राजाच्या मांडीवर!"

मधुसूदनरावांचा चेहरा पडला. साठ वर्षं मिरवलेला पराक्रम गेला. मग त्यांना वर्गात फळ्यापाशी उभ्या उभ्या घोरल्याबद्दल मिळालेले तीन मेमो आठवले.

त्यांनी वाकून पार्बताबाईंच्या पायांना हात लावला. "काकू, आता खात्री पटली. मी तुमच्याच घरचा!"