कागद खाली घ्या, साहेब

"कागद जरा खाली घ्या, साहेब. चेहरा दिसत नाही."

मंत्र्यांनी भाषणाचा कागद गुडघ्यावर ठेवला. समोरच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे त्यांचीच वाट पाहत होते. भाषण शिकवणाऱ्या कुठल्या तज्ज्ञानेही त्यांना याहून चांगला सल्ला दिला नव्हता.

"यंत्रं येतील, पण एकही माणूस उघड्यावर पडणार नाही," त्यांनी वाचलं.

"म्हणजे कसं, साहेब?"

"ते समिती ठरवेल."

"समितीत गाडी चालवणारा कुणी आहे का?"

मंत्री हसले. त्यांच्याशी असं दुसरं कुणी बोलत नसे. बायको गेल्यापासून बंगल्यात बोलायचा तो टीव्हीच. मुलीचा फोन यायचा, पण दोन वाक्यांतच "बाबा, ठेवते हं" व्हायचं. सभेत लोक टाळ्या वाजवायचे आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायचे. ऐकून घेणारा माणूस उरला होता तो हा एकच.

सिग्नल सुटला. मागचा ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकला, तरी ड्रायव्हर ढिम्म. मंत्र्यांना त्याच्या शांतपणाचा हेवा वाटायचा. त्याने गाडीत कधी रेडिओ लावला नाही, की फोनवर गप्पा मारल्या नाहीत. काही निरोप असला तर लिहून पाठवा, म्हणायचा.

आज मात्र मंत्र्यांना त्याच्या नजरेला नजर देववेना. खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "सरकारी गाड्या आता ड्रायव्हरशिवाय चालणार. पहिली माझीच."

ड्रायव्हर तसाच गाडी चालवत राहिला. मंत्र्यांनी मान आरशाकडे वळवली.

"रागावलास?"

"कशाला रागावू, साहेब?"

मग त्यांना तेच पुन्हा, आरशात बघून सांगावं लागलं. ड्रायव्हरचा चेहरा उतरला.

"धाकटीचं शिक्षण व्हायचंय अजून. मला आता दुसरीकडे कोण ठेवून घेणार?"

राज्यातल्या सगळ्या ड्रायव्हरांसाठी मंत्र्यांकडे एक समिती होती. या एकासाठी मात्र त्यांनी जंग जंग पछाडलं, चार खात्यांचे उंबरे झिजवले आणि 'सहायक' नावाची एक जागा मंजूर करून घेतली. काम एवढंच, साहेबांबरोबर गाडीत बसायचं.

"मला तुझी सवय झालीय रे," ते म्हणाले. "तू ऐकतोस."

ड्रायव्हरने मान खाली घातली. "एक मागू? जुन्या गाडीचा आरसा मला द्या."

केवढी ही माया! मंत्र्यांचे डोळे भरून आले.

नव्या गाडीत ना स्टीअरिंग होतं, ना आरसा. भाषणाच्या दिवशी ड्रायव्हर मांडीवर पिशवी घेऊन पुढे बसला, मंत्री मागे. गाडी आपली आपण निघाली. मंत्र्यांनी भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. न लिहिलेलंही बोलले. समितीची एकही बैठक झालेली नाही, आपल्याला काहीच सुचत नाही, भीती वाटते. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आता तूच सांग, काय करू?"

ड्रायव्हर रस्त्याकडेच बघत होता.

"अरे, तुला विचारतोय!"

मंत्री ओरडले. तरीही त्याची मान हलली नाही. मग आपलं आपणच काही आठवल्यासारखं करून त्याने पिशवीतून जुना आरसा काढला, दोन्ही हातांनी वर धरला आणि साहेबांचे ओठ नीट दिसेपर्यंत तिरका करत राहिला.

"हां, आता बोला, साहेब," तो म्हणाला. "बराच वेळ बोलत होतात का?"