साहेबांसाठी टॉर्च

"हा एलईडी तुमच्या टॉर्चला झेपायचा नाही," रेडिओवाला म्हणाला. "तापेल. हातात निखारा धरल्यासारखं होईल."

"खाली तांब्याची चकती बसवतो," थोरला म्हणाला. "उष्णता ती ओढून घेईल."

रेडिओवाल्याच्या दुकानात एकही रेडिओ नव्हता. रेडिओ त्याचे वडील दुरुस्त करायचे. मुलगा मोबाइल उघडायचा आणि नाव वडिलांच्या पुण्याईवर चालवायचा. त्याने टॉर्च हातात फिरवून बघितला. काळा रंग जागोजागी उडालेला, कडेला दोन पोचे.

"हा धाकट्याचा ना? पाइपात डोकं घालून स्वतःचंच वेल्डिंग बघत बसतो तो?"

"तोच."

"मग स्वारी स्वतः का नाही आली? एरवी माझं स्टूल सोडत नाही."

"त्याला जमण्यासारखं नाही. उद्या साहेब तपासणी करणार आहेत. तिसऱ्यांदा."

"तिसऱ्यांदा? आधी दोनदा काय झालं?"

"दोनदा नाही म्हणाले."

"धाकट्याला? अहो, आधी त्या साहेबाचे डोळे तपासा!"

"साहेब चांगले आहेत. त्यांचा टॉर्च वाईट आहे. पेनाएवढा. एकदा इकडे मारला, एकदा तिकडे मारला, मान हलवली आणि खिशात टाकला. एवढ्यावर माणसाचं ठरवतात?"

हे सगळं त्याने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. हल्ली त्याचा आवाज चढतही नसे आणि पडतही नसे.

"नियमात दोनदाच बसतं," तो पुढे म्हणाला. "मी फार मागे लागलो, तेव्हा म्हणाले, सकाळी आणखी एकदा बघतो, तुमच्या समाधानासाठी. त्यानंतर मात्र जागा अडवून ठेवता येणार नाही."

रेडिओवाला चुकचुकला. "दादा, एक सांगू? साहेब लोक समाधानासाठी बघतात ना, तेव्हा ते बघत नसतात."

"म्हणून तर उजेड वाढवतोय. न बघणाऱ्यालाही दिसला पाहिजे."

रेडिओवाल्याने जुना एलईडी काढला, नवा डकवला, तारा जोडल्या. टेबलावर तो पेटवला तेव्हा समोरच्या भिंतीवरचा ओलीचा डाग, खिळ्यांची भोकं आणि एक बेसावध पाल, सगळं एकदम उघडं पडलं. पाल पळाली. रेडिओवाल्याने मजेत झोत थोरल्याच्या तोंडावर फिरवला. थोरल्याने गपकन डोळे मिटले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"काय म्हणता! मेलेला माणूससुद्धा उठून शिव्या घालेल!"

थोरला डोळे पुसत थांबला. "नक्की?"

"काय नक्की?"

"काही नाही. परत एकदा मार."

रेडिओवाल्याने परत मारला. थोरल्याने डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला. जमला नाही. तेव्हा कुठे त्याने मान डोलावली.

वर्कशॉपमध्ये येऊन त्याने टॉर्चचं नुसतं नळकांडं सुटं करून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवलं. काळा रंग फेसाळत सुटला. मग ते धुऊन लेथवर चढवलं आणि पोच्यांवरून पातळशी साल काढली. शेजारी धाकट्याचं वेल्डिंग मशीन आणि त्याचा मुखवटा होता. मुखवट्याची काच काळी होती. त्यातून काही दिसत नाही, फक्त फार मोठा उजेड दिसतो. थोरल्याने तिकडे पाठ केली आणि पॉलिश पेपर घेतला. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक.

उजेडाचं काम झालं होतं. चकाकीचं कारण वेगळं होतं. गबाळं अवजार साहेब हातातच घेणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. साहेबांची सगळी अवजारं आरशासारखी असतात आणि कापडावर ओळीने मांडलेली असतात. त्यांच्यात हे उपरं वाटता कामा नये.

बफच्या फिरत्या कापडी चाकावर धरलं तेव्हा फोन वाजला. बायको होती.

"कुठे आहात?"

"वर्कशॉपमध्ये."

"टॉर्चच करताय ना अजून?"

त्याने बफची मोटर बंद केली.

"आई इथून हलायला तयार नाहीत. मी म्हटलं, घरी जाऊन जरा पाठ टेका. तर म्हणतात, तूच टेक. आणि उद्या साहेबांशी वाद घालू नका हं. त्यांनाही नाही म्हणायला आवडत नसेल."

"मी कुठे वाद घालतोय. बघायला उजेड देतोय."

"जेवलात का?"

"हो," तो म्हणाला. डबा सकाळपासून खिळ्याला टांगलेला होता.

बफवरून उतरलेला टॉर्च इतका गुळगुळीत झाला होता की त्यात थोरल्याचं तोंड दिसलं, लांबट आणि वाकडं. त्याने चकती बसवून सगळं परत जोडलं, बोटांचे ठसे स्पिरिटने पुसले आणि टॉर्च स्वच्छ फडक्यात गुंडाळला.

सकाळी साहेब आले तेव्हा तो दारातच उभा होता.

"हे काय?"

"तुमचा लहान पडतो, साहेब. एकदा याने बघा."

साहेबांनी टॉर्च हातात तोलला. "फिनिशिंग सुरेख आहे. कुठून घेतलात?"

"घरचाच आहे."

साहेब काहीतरी समजावून सांगणार होते. पण कोपऱ्यात उभी असलेली आई त्यांच्या तोंडाकडे नाही, टॉर्चकडे बघत होती. साहेबांनी आपला पेनाएवढा टॉर्च परत खिशात ठेवला.

मग ते खाटेवर वाकले, धाकट्याच्या डोक्याची पट्टी जराशी वर सरकवली आणि अंगठ्याने त्याची पापणी उघडली. झोत पडला तशी श्वासाच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या नर्सने मान वळवली, थोरल्याच्या बायकोने डोळे मिटले, आईने तोंडावर हात धरला. थोरला तेवढा बघत राहिला. धाकट्याच्या डोळ्यातली बाहुली आकसली नाही, होती तेवढीच राहिली.