मागचं बाकडं

ताट वाढून झालं, आमटीची वाफ जिरायला आली, तरी काकूंच्या शेजारची खुर्ची रिकामीच. हात धुवायला गेलेला माणूस इतका वेळ हात धुतो?

"तुम्ही सुरू करा ना काकू," समोरची नवी नवरी म्हणाली.

"येतीलच," असं म्हणून काकूंनी काकांच्या ताटावर दुसरं ताट झाकलं.

लेकीनं हट्टानं दोघांना या सहलीला धाडलं होतं. शनिवार-रविवार डोंगर बघायचा आणि शेवटच्या दुपारी या जुन्या घरात चुलीवरचं पारंपरिक जेवण. याच रस्त्यावर काकांनी तीस वर्षं सहलीची बस चालवली होती. साऱ्या जगाला डोंगर दाखवला, बायकोला दाखवायचा राहून गेला. काकूंना डोंगराचं तसं काही नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, की या माणसानं एकदा तरी शेजारी बसून, घड्याळाकडे न बघता जेवावं. घरी काका जेवले ते कायम निघायच्या घाईत, आणि काकू वाढत राहिल्या.

पण कालपासून नुसता वैताग. बस उताराला लागली की काकांचा उजवा पाय उगाच ब्रेक दाबायचा. कड्यावर सगळे दरी बघत होते, आणि हे गेले चाकाखाली दगड नीट लावलेत का बघायला. काल संध्याकाळी हॉटेलात तर चार घासांत जेवण उरकून उठलेसुद्धा. काकू रुसल्या तेव्हा म्हणाले, "उद्या निवांत जेवू गं. शप्पथ."

आता मात्र काकूंचं डोकं फिरलं. त्या उठल्या आणि धुरानं भरलेल्या स्वयंपाकघरातून थेट मागच्या पडवीत गेल्या. तिथं भिंतीला लागून एक लांबलचक बाकडं होतं. त्यावर तीन ड्रायव्हर जेवत होते, आणि त्यांच्या मधोमध बाह्या दुमडून काका! ताट अर्धं संपलेलं.

"चौथ्या वळणाला पहिलाच गिअर टाकायचा, बरं का. तिथं हिरोगिरी नको," काका सांगत होते. तेवढ्यात त्यांना काकू दिसल्या. हातातला घास हातातच राहिला.

"अगं..." त्यांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "हात धुतले आणि पाय आपोआप इकडंच वळले. आम्हाला इथंच वाढतात ना. आज मी पाहुणा आहे, हे डोक्यातच राहिलं नाही बघ."

ड्रायव्हर मंडळींनी माना खाली घातल्या.

"चुकलंच माझं. चल, आत जाऊ. परत बसतो तुझ्याबरोबर."

"परत बसून काय, जेवल्याचं नाटक करणार?" काकू म्हणाल्या. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच आल्या होत्या.

तेवढ्यात घरची म्हातारी मालकीण तव्यावरची जाड, मध लावलेली पोळी घेऊन बाहेर आली. काका रिटायर झाले, दोन वर्षं इकडे फिरकले नाहीत, हे तिच्या गावीही नव्हतं. तिनं पोळीचे दोन तुकडे केले. एक काकांच्या ताटात टाकला. दुसरा कागदात गुंडाळून बाकड्यावर ठेवला.

"ही घरच्यांची," म्हणाली आणि चुलीकडे वळली.

काकू त्या पुडीकडे बघतच राहिल्या. ही पुडी त्या चांगली ओळखत होत्या. दर खेपेला काका ती घरी आणायचे. आत अर्धी पोळी, वहाणेच्या तळासारखी कडक. काकू ती चहात बुडवून खायच्या आणि मनातल्या मनात धुसफुसायच्या, की याला बायकोसाठी प्रवाशांचं उरलंसुरलंच बरं सापडतं! तोंडावर मात्र कधी बोलल्या नाहीत. आणि हा शहाणा स्वतःच्याच वाटणीची अर्धी ठेवत होता.

"सरका जरा," त्या शेजारच्या ड्रायव्हरला म्हणाल्या. तो टुणकन बाजूला झाला. काकू नवऱ्याला खेटून बसल्या आणि पुडी सोडली. मध मनगटावर ओघळला. त्यांनी पहिला घास तोंडात टाकला.

"अहो, ही अशी मऊ असते?"

"असते ना," काका म्हणाले. "पण आपलं घर इथून नऊ तास."