सगळं तळ्याकडे वळतं

अठराव्या होलच्या हिरवळीवर दोघींचे चेंडू जवळजवळ एकाच रेषेत थांबले होते. कार्डांवरचे फटके सारखे होते. विद्यापीठाच्या मुलींच्या गोल्फ संघात एकच जागा उरली होती आणि ती इथंच ठरणार होती.

ज्याचा चेंडू होलपासून लांब, त्यानं आधी मारायचं. नंतर मारणारीला पहिलीचा चेंडू कसा जातो ते फुकट बघायला मिळतं. या मैदानावर त्याला ‘शाळा शिकणं’ म्हणतात. त्यामुळे लांब असायला कुणीच राजी नसतं.

कोरिनने आपल्या चेंडूपासून होलपर्यंत पावलं मोजली. सात भरली. मग रेनाटाने आपली मोजली. सात, आणि वर एक बूट.

“माझा लांब आहे,” रेनाटा म्हणाली.

“तो बूट तू गिळलास तरी मला कळलं नसतं,” कोरिन म्हणाली. “मार बाई. मी शाळा शिकते.”

हिरवळीच्या कडेला कोच लिंडक्विस्ट घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. गेली तीस वर्षं त्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगत आल्या होत्या: इथं सगळं तळ्याकडे वळतं. तळं डाव्या हाताला, खाली. वसतिगृहांच्या टेकडीपासून अख्खी जमीन तिकडेच उतरलेली. मुली ते वाक्य कुठंही वापरायच्या. कुणाचं प्रेम फिसकटलं की, वळलं तळ्याकडे. रसायनशास्त्राचा पेपर अवघड गेला की, तोही तळ्याकडे.

रेनाटा चेंडूमागे उकिडवी बसली. ती गवतशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि आठवड्यातून तीन सकाळी याच मैदानावर कापणीचं यंत्र चालवायची. वसंतात प्रकल्पासाठी तिने ही हिरवळ फुटाफुटावर पाणसळ, गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पट्टी, ठेवून मोजली होती. होलच्या अलीकडचा हा पट्टा सपाट निघाला होता. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला, तरी सपाटच. वहीत आकडा लिहून ती उरलेल्या हिरवळींकडे गेली होती.

आत्ता मात्र डोळ्यांना उतार स्वच्छ दिसत होता. गेल्या वर्षी याच निवड फेरीत, याच हिरवळीवर तिने डोळ्यांचं ऐकलं होतं आणि जागा एका फटक्याने गेली होती. पुढच्या वर्षी प्रशिक्षणासाठी ती गावाबाहेर असणार होती. म्हणजे ही शेवटची खेप.

तिने डोळे मिटले, उघडले, आणि चेंडू सरळ होलच्या मधोमध मारला.

चेंडू कुठंच वळला नाही. होलच्या मागच्या काठावर आपटला, बोटभर उडाला आणि आत पडला.

कोरिन बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिली. “जोरात मारलास म्हणून सरळ गेला,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग तिने होलच्या उजवीकडे वीतभर नेम धरला आणि हलक्या हाताने चेंडू सोडला. तो उजवीकडेच गेला आणि होलच्या शेजारी वीतभर अंतरावर थांबला. तो आता तरी डावीकडे वळेल म्हणून कोरिन वाकून वाट बघत होती.

दोघींनी टोप्या काढून हात मिळवले. एकमेकींची कार्डं तपासून सह्या केल्या. कोचनी वहीत रेनाटाचं नाव लिहिलं आणि उशीर झाल्यासारखी घाईघाईने खुर्ची मिटली.

“खरं सांग,” कोरिन म्हणाली. “चुकून गेला ना सरळ?”

रेनाटा हिरवळीमागच्या शेडमध्ये गेली आणि पाणसळ घेऊन आली. होलच्या अलीकडे गवतावर ती अलगद ठेवली. कोरिन पोटावर पालथी झाली आणि काचेच्या नळीला डोळा भिडवून बघत राहिली.

“पुढच्या सप्टेंबरात निवडीला मी परत येणार आहे,” ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली. “बाकीच्या सतरा हिरवळीही दाखवायच्यास.”

“सोळाच फसव्या. चौथी खरंच तळ्याकडे वळते.”

तेवढ्यात शेजारी कुणीतरी कण्हत गुडघे टेकले. कोच लिंडक्विस्टनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. त्यांनी पाणसळ उचलली, उलटी केली, पुन्हा तिथंच ठेवली आणि श्वास रोखून वाट बघितली.

बुडबुडा हलला, डुलला आणि दोन रेघांच्या बरोबर मधे येऊन थांबला.