भन्तेंच्या कपाळावरचा दिवा

“भन्ते, यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही,” गोंडाणे आजोबांनी सुरुवात केली.

धम्मसार भन्ते नुसतं हूं म्हणाले. त्यांच्या कपाळावरच्या पट्टीतला दिवा सकाळपासून लाल होता. मन एका जागी असलं की हिरवा, भटकलं की लाल. तपासनीस समोरच बसले होते. आज दिवा हिरवा झाला नाही, तर भन्तेंना विहारात ध्यान शिकवता येणार नव्हतं. आणि मन भटकत होतं ते नेमकं याच काळजीने.

“आमच्या गावच्या भन्तेंच्या मनात सारखी सुकट यायची. तिचा वास पट्टीला असा लागला, की मांजर येऊन थेट त्यांच्या डोक्यावर बसलं!”

“मग?” भन्ते पुढे सरकले.

“मांजराचं मन सुकटीवरून हलेल होय? दिवा हिरवागार! भन्ते पास! त्या आनंदात संध्याकाळी दोघं एका ताटात पोटभर जेवले.”

तपासनिसांनी हसून पट्टी सोडायला हात पुढे केला. दिवा केव्हाच हिरवा झाला होता. भन्तेंना त्याचा पत्ताच नव्हता.

“थांबा हो जरा!” ते तपासनिसांवरच खेकसले. “अरे गोंडाणे, दुपारनंतर भिक्खू जेवतो का कधी? थापाड्या!”