झाकणाखालचा गाळ

कमळाकर घरतांच्या वीस वर्षांच्या जीपच्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेना. बायकोला, भामाला, दर आठवड्याला त्याच गाडीने दवाखान्यात न्यायचं असल्यामुळे त्यांनी ती खांदा कॉलनीतल्या निकेशच्या गॅरेजात आणली.

निकेशने इंजिनाचं वरचं झाकण काढलं. आत डांबरासारखा काळा गाळ थापला होता आणि त्यात चार बोटं ओढल्याच्या ताज्या रेघा होत्या.

"ह्ये आदी कोनी उघडलं व्हतं?" कमळाकरांनी विचारलं.

"काका, गंजलेले बोल्ट तुमच्यासमोरच सोडवले ना?"

कमळाकरांना पटलं नाही. ते इंजिनासमोरच स्टूल टाकून बसले. निकेशने डिझेलने घासून गाळ काढला, नवं ऑइल भरलं, झाकण लावलं.

"आता परत उघड."

"अजून गाडी चालूसुद्धा नाही केली, काका."

"उघड बोलतो ना!"

निकेशने वैतागून झाकण काढलं. आत पुन्हा तेवढाच गाळ होता. रेघाही होत्या, पण आता त्या थेट झाकणाच्या कडेपर्यंत आल्या होत्या.

निकेशने घाईघाईने झाकण बसवलं आणि सगळे बोल्ट पाना लावून आवळले. "काका, तुम्हीच काहीतरी करताय," तो म्हणाला.

"मी? हात दाव तुजं." कमळाकरांनी त्याची दोन्ही मनगटं घट्ट पकडली. "आता बगू, कसा गाळ येतो त्यो."

दोघेही तसेच उभे राहिले. समोर झाकणाच्या कोपऱ्यातला बोल्ट किंचित हलला, आणि हळूहळू उलटा फिरू लागला.